भाऊजींच्या वाटची कामं

आमच्या घरी सकाळचा चहा उकळायचं काम माझं आणि गाळायचं काम भाऊजींचं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय 47, जन्मापासून डाऊन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रांतल्या फरकामुळे शिकणं-समजणं हळू होतं. सासूबाई गेल्यापासून ते, माझा नवरा आणि मी असे तिघं कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला असते.

चहा गाळणं हे काम आहे असं एरवी कुणाला वाटत नाही. पण शिकवायला घेतलं की कळतं, त्यात किती काय काय आहे. गॅस बंद झालाय ना, ते बघायचं. तीन कप ओळीने मांडायचे. गाळणं पहिल्या कपावर बसवायचं. पातेलं उचलायचं, कलतं करायचं आणि कुठे थांबायचं ते वेळेत ओळखायचं. मग पातेलं खाली ठेवून गाळणं पुढच्या कपावर. शेवटी चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात आपटायचा आणि गाळणं नळाखाली धरायचं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू जन्मापासून सैल असतात, सांधेही सैल, बोटं आखूड. त्यामुळे सांडशीत भरलेलं पातेलं धरलं की भाऊजींचं मनगट कलायचं. एका दुपारी तुळशीबागेत हिंडून दांड्याचं छोटं पातेलं घेतलं, रुंद काठाचं आणि समोर आकडा असलेलं गाळणं घेतलं, म्हणजे ते कपावर हलत नाही. कप घेतले ते मोठ्या कानाचे, आतून पांढरे आणि काठाच्या जरा खाली निळी रेघ असलेले. चहा रेघेला टेकला की थांबायचं. गडद रंगाच्या मगमध्ये चहा किती वर आलाय ते त्यांना नीट दिसत नाही.

शिकवायला सुरुवात केली ती शेवटाकडून. आधी बरेच दिवस चहा मीच गाळायचे. भाऊजींनी फक्त चोथा टाकून गाळणं धुवायचं. ते अंगवळणी पडल्यावर शेवटचा कप त्यांनी भरायचा, मग शेवटचे दोन. असं करत करत आम्ही उलटे चालत गॅसपाशी पोहोचलो. विशेष शिक्षक याला ‘बॅकवर्ड चेनिंग’ म्हणतात. याची खुबी अशी की काम पुरं केल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याला मिळतं. सुरुवातीकडून शिकवलं तर तो एक पायरी करतो, पुढचं आपण घाईघाईने उरकतो आणि काम आपलंच राहतं. आता ट्रेमधून चहा आणून ठेवताना भाऊजी म्हणतात, ‘‘वहिनी, चहा झाला.’’ तो त्यांनी केलेला असतो आणि ते त्यांना माहीत असतं.

परावलंबी मोठ्या माणसाला सांभाळायचं म्हणजे त्याचं सगळं आपण करायचं, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ती अजिबात पटत नाही. घरात राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला घरातलं काम आलंच पाहिजे. ज्याच्याकडे काहीच काम नाही, तो त्या घरात पाहुणा होऊन जातो, आणि आयुष्यभर पाहुणा म्हणून राहायला लागणं ही फार मोठी शिक्षा आहे.

सासूबाईंनी भाऊजींना हातात काम म्हणून दिलं नाही. मी त्यांना बोल लावणार नाही. भाऊजींचा जन्म 1970 च्या दशकाच्या शेवटचा. डॉक्टरांनी बाळंतपणाच्या खोलीतच सांगितलं होतं की हा फार वर्षं काढायचा नाही. त्या वेळी ते खोटंही नव्हतं. अमेरिकेतसुद्धा 1983 च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्या आसपास होतं. आज तिथे ते 60 च्या घरात गेलंय. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, छातीच्या संसर्गावर वेळेत औषधं मिळू लागली, आणि मुलं जगली, मोठी झाली, प्रौढ झाली. पण त्या आईला हे कुठे माहीत होतं? ज्या लेकराचे दिवस मोजून दिलेत, त्याला भांडी विसळायला कोण शिकवेल? त्याला तुपाचा घास भरवायचा, अंगाला तेल लावायचं, जवळ घेऊन झोपायचं. त्यांनी हेच केलं, आणि चाळीस वर्षांहून जास्त केलं. त्या गेल्या तेव्हा आपले बनियन कपाटाच्या कोणत्या कप्प्यात असतात, हे भाऊजींना माहीत नव्हतं.

पहिलं काम आम्ही तेच केलं. कपाटाचा मधला, म्हणजे त्यांच्या छातीच्या उंचीचा कप्पा त्यांचा केला. एका खणात बनियन आणि चड्ड्या, दुसऱ्यात सदरे, तिसऱ्यात पायजमे, आणि प्रत्येक खणाच्या पुढच्या पट्टीवर त्या त्या कपड्याचा फोटो. बटणांचे सदरे बाजूला काढले नाहीत. ते त्यांना आवडतात आणि शोभतातही. फक्त खालची दोन बटणं लावलेलीच ठेवायची, सदरा डोक्यातून घालायचा आणि वरची तेवढी लावायची. कपडे कुठले घालायचे ते भाऊजी ठरवतात. थंडीत अर्ध्या बाह्यांचा सदरा निवडला तर मी स्वेटर पुढे करते, सदरा बदलायला लावत नाही.

त्यांना ऐकलेलं फार वेळ धरून ठेवता येत नाही, पाहिलेलं मात्र पक्कं बसतं. डाऊन सिंड्रोममध्ये हे बहुतेकांचं असंच असतं. ‘गॅलरीतले कपडे काढा, घड्या घाला आणि इस्त्रीचे बाजूला ठेवा’ असं एका दमात सांगितलं की कपडे तेवढे निघतात, पुढचं सगळं विरून जातं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि थांबायचं. हे थांबणं मला शिकावं लागलं. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजते. बहुतेकदा सात-आठाला भाऊजी हलतात. त्याआधी घाई करून परत सांगितलं, की त्यांच्या मनात जुळत आलेलं विस्कटतं आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं. फ्रिजच्या दारावर त्यांचेच फोटो लावलेत: दात घासताना, अंथरुणाची घडी घालताना, झाडांना पाणी घालताना, मेथी निवडताना. काम झालं की तो फोटो उलटा करायचा. संध्याकाळी सगळे फोटो पाठमोरे झाले की ते दोन्ही हात कमरेवर ठेवून फ्रिजसमोर उभे राहतात, आणि मग टीव्ही लावतात.

आंघोळीत मदत लागली तर ती त्यांचे दादा करतात, मी नाही. हा आमच्या घरचा पक्का नियम. दाराला आतून कडी लावायची नाही, पण बाहेरून टकटक केल्याशिवाय कुणी ढकलायचंही नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पाठ घासायला लांब दांड्याचा ब्रश बोहरी आळीतून आणला. 47 वर्षांच्या पुरुषाला जी लाज असते ती त्यांनाही आहे. तिची बूज आपण राखली नाही, तर बाहेरचं कोण राखणार?

दिवस असा आखलेला असला की भाऊजी निवांत असतात. पुण्यात मात्र आठवड्यातला एक दिवस घडी मोडायला येतो. वर्तमानपत्रात चौकट येते: गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने. तुम्हाआम्हाला त्यात नवल राहिलेलं नाही. पण नळ सोडल्यावर पाणी येत नाही, ही गोष्ट भाऊजींना आतून हलवून टाकायची. ते नळ सोडत राहायचे, बंद करायचे, परत सोडायचे. चूळ भरल्याशिवाय चहा नाही, चहाशिवाय पुढचं काही नाही, सगळंच अडायचं. मग आम्ही गुरुवारचीच एक चाकोरी केली. बुधवारी संध्याकाळी चौकट वाचून दाखवायची, फ्रिजवर थेंबावर फुली मारलेलं चित्र लावायचं आणि पिंप भरायचं काम भाऊजींकडे द्यायचं. बाथरूममधलं निळं पिंप, दोन बादल्या, स्वयंपाकघरातला हंडा आणि कळशी. तांब्याने भरतात, म्हणून वेळ लागतो, पण सांडत नाही. आता बुधवारी ते स्वतःच विचारतात, ‘‘उद्या पाणी?’’ आणि नसेल तर सगळ्यांना बजावतात, ‘‘जपून वापरा.’’

कचऱ्याचंही तसंच. आमच्याकडे ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कचरावेचकांची ही सहकारी संस्था 2008 पासून पुणे महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते. ओला आणि सुका असे दोन डबे दारात नेऊन द्यायचे ते भाऊजींनी. एकदा ओल्या डब्यात दुधाची पिशवी निघाली. ताईंनी मला हाक मारली नाही. त्या भाऊजींनाच म्हणाल्या, ‘‘दादा, हे असं चालणार नाही. दूधपिशवी धुऊन सुक्यात टाकायची.’’ आत येऊन भाऊजींनी आम्हाला दोघांनाही डबे दाखवले आणि बोट नाचवत ताईंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही. जबाबदार माणसाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. भाऊजींच्या आयुष्यात असं सांगणारी माणसं फार थोडी आली आहेत.

बाकीच्यांची माया आडवी येते. कामाच्या मावशी पहिल्या पहिल्यांदा भाऊजींच्या हातातून झाडू काढून घ्यायच्या: ‘‘राहू द्या दादा, मी करते ना.’’ त्यांना वाटायचं, आपण असताना या बिचाऱ्याला राबवतात. मी त्यांना बसवून सगळं समजावून सांगितलं. आता त्या भाऊजींची खोली वगळून झाडतात आणि जाताना त्यांच्या खोलीत डोकावून म्हणतात, ‘‘वा दादा!’’ नातेवाइकांना समजावणं जास्त अवघड. लग्नात पंगतीला बसलो की माझ्याकडे बघून विचारतात, ‘‘याला गोड चालतं का गं?’’ मी सांगते, ‘‘भाऊजी समोर बसलेत, त्यांनाच विचारा.’’ आणि भाऊजी उत्तर देतात, ‘‘दोन जिलब्या. मठ्ठापण.’’ कुणी म्हणतं, किती करतेस गं त्यांचं, पुण्य लागेल. पुण्याचा यात काहीएक संबंध नाही. मटार सोलणं, लसूण निवडणं, धुतलेल्या चादरीची दोन टोकं धरून घडी घालणं, या कामांना आमच्या घरात भाऊजींचा हात लागतो. तो नसला की माझा खोळंबा होतो.

गणपतीच्या दिवसांतलं एक काम तर पूर्णपणे त्यांचंच. दूर्वा. बाप्पाला 21 दूर्वांची जुडी लागते, आणि भाऊजींना मोजणी दहाच्या पुढे नीट जमत नाही. माझ्या मुलीने, त्यांच्या पुतणीने, कॉलेजात असताना यावर उपाय काढला. आमच्याकडे सात खळग्यांचं आप्पेपात्र आहे. प्रत्येक खळग्यात एक दूर्वा ठेवायची. सातही भरले की उचलून वाटीत. असं तीनदा झालं की वाटीतल्या दूर्वा दोऱ्याने बांधायच्या. किती वेळा झालं ते लक्षात राहावं म्हणून शेजारी तीन सुपाऱ्या ठेवायच्या. एकेक फेरी झाली की एक सुपारी ताम्हनात जाते. भाऊजी मांडी घालून बसतात, तीन पात्यांचीच दूर्वा निवडतात, पिवळी पडलेली बाजूला काढतात. बाहेर ढोल-ताशांचा सराव सुरू असतो, तो आवाज त्यांना सोसत नाही, म्हणून खिडक्या लावून घेतो. देठ सगळे सारखे केल्याशिवाय ते गाठ मारत नाहीत. आरतीला आलेल्या शेजाऱ्यांना ते जुडीकडे बोट दाखवून सांगतात, ‘‘एकवीस आहेत.’’

कामं रोजची असली की आणखी एक गोष्ट साधते. माणसात काही बदललं तर लगेच कळतं. मध्यंतरी भाऊजींच्या हातून चहा कपाबाहेर जायला लागला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते अडखळायला लागले. फ्रिजवरचे फोटोही उलटे करायचे राहू लागले. वय झालं, असं जो तो म्हणाला. डाऊन सिंड्रोममध्ये शरीर लवकर वयस्क होतं, हे खरं आहे. 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि अल्झायमरशी संबंधित एक जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, म्हणून चाळिशीपासूनच स्मृतिभ्रंशाची भीती असते. त्याची सुरुवात बहुधा रोजच्या जमणाऱ्या गोष्टी सुटण्यातूनच दिसते. आम्ही दोघं मनातून हादरलो होतो. पण असं काही दिसलं की आधी थायरॉइड, कान, डोळे, झोपेतला श्वास हे सगळं तपासायचं असतं, कारण यातलं प्रत्येक दुखणं अशा माणसांत नेहमीचं आहे आणि त्यावर उपाय आहे. डोळे तपासले तर दोन्हीकडे मोतीबिंदू. शस्त्रक्रियेच्या दिवसाचेही फोटो करून आधीच फ्रिजवर लावले: रिक्षा, हिरवे कपडे, डोळ्यावर पट्टी, घरी परत. दुसरा डोळा झाल्यावर काही दिवसांनी चहा पुन्हा निळ्या रेघेला थांबू लागला. ज्या घरात त्यांच्यासाठी सगळं दुसरंच कुणी करतं, तिथे हे किती उशिरा कळलं असतं, असा विचार मनात येतो आणि पोटात खड्डा पडतो.

कागदोपत्रीही भाऊजी कुणाचं लहान मूल नाहीत. अठरा वर्षं पुरी झाली की आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडून पालकत्व घ्यावं लागतं. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांनी हे दोन्ही लांबणीवर टाकू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली, की पालकाने आणि त्या व्यक्तीने परस्पर विश्वासाने, मिळून निर्णय घ्यायचा. मला कायद्यातलं सगळं कळत नाही, पण हे वाचून फार बरं वाटलं. सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे केंद्राच्या नियमाप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन आता भाऊजींना मिळतं. त्यातून दुधाचं बिल भरतात ते भाऊजी. नोटा मी मोजून पाकिटात घालते, पण देतात ते, आणि पावती खिळ्याला तेच अडकवतात.

मी दमतेही. एक काम दोघांनी करायला एकटीच्या तिप्पट वेळ लागतो, आणि घाईच्या सकाळी तो वेळ कुठून आणायचा हा प्रश्न रोजचा आहे. ज्या सकाळी जमत नाही, त्या सकाळी चहा मी गाळते आणि भाऊजींना आधी सांगते, ‘‘आज मला उशीर झालाय, आज मी.’’ ते नाराज होतात. तो त्यांचा हक्क आहे.

आणि मग तो प्रश्न, जो आमच्यासारख्या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर निघतो: आपल्यानंतर कोण? पुण्यात गोखलेनगरची कामायनी ही बौद्धिक दिव्यांगांसाठीची संस्था 1964 पासून काम करते आहे. मुळशी तालुक्यात कोळवणच्या बाजूला साधना व्हिलेज आहे, तिथे भाऊजींसारखी प्रौढ माणसं, त्यांच्या भाषेत ‘विशेष मित्र’, घरासारखी एकत्र राहतात. आम्ही बघतो आहोत, विचारतो आहोत. पण कुठेही राहायचं झालं तरी सोबत काय जाणार? बँकेचं पासबुक जाईल, आणि या सवयी जातील. म्हणून मी एक वही केली आहे. त्यात आजारपणं आणि औषधं आहेतच, शिवाय बाकीचंही आहे. गार पाणी आधी. खालची दोन बटणं लावलेली ठेवावीत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ढोल वाजले तर खिडकी लावून द्यावी. कप आतून पांढरा असावा. उशी डाव्या कुशीला. दिवाळीत मुलगी आली तेव्हा तिला वही वाचायला दिली. वाचून ती म्हणाली, ‘‘आई, हे काकालाच विचारून लिहायला हवं ना?’’ बरोबर होतं तिचं. तेव्हापासून एकेक पान भाऊजींना वाचून दाखवतो. काही गोष्टींना ते मान हलवतात, काहींना ‘‘नाही’’ म्हणतात. उशी उजव्या कुशीलाच हवी, असं निघालं.

सध्या आमचं वॉशिंग मशीन शिकणं चाललंय. धुतलेले कपडे काढून टोपलीत भरायचं त्यांच्याकडे कधीच गेलंय, आणि झाकण लावून चालू करायचं बटण दाबायचंही. बटणावर मी हिरवा टिकला चिकटवलाय, बाकीची बटणं तशीच. आता पावडर किती घालायची ते राहिलंय. डब्यात त्यासाठी एक चमचा ठेवलाय, काठोकाठ भरला की पुरे होईल असा. चमचा काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं आणि वर ढीग झाला तर बोटाने सपाट करायचा, एवढं बसलं की पुढचा रविवार पांढऱ्या कपड्यांचा.